भुवईचा शब्द

आमच्या महाविद्यालयात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला इंग्रजी हा विषय घेणारी मुले फार नसतात. यंदा अकरा आहेत. त्यांना फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही १९२५ सालची कादंबरी नेमलेली आहे. पहिल्याच प्रकरणात टॉम ब्यूकॅनन नावाचा गडगंज श्रीमंत गृहस्थ घोडेस्वारीच्या पोशाखात, पाय फाकवून, आपल्या घराच्या पडवीत उभा असतो. त्याचे वर्णन करताना लेखकाने ‘सुपरसिलियस’ हे विशेषण वापरले आहे. मुलांनी पुस्तकात त्या शब्दाखाली रेघ मारून वर ‘गर्विष्ठ’ असे लिहून ठेवले होते. एका मुलीने ‘मग्रूर’ लिहिले होते, कारण तिच्या मोबाइलने तसे सांगितले होते. बाजारातील गाईड तर ‘प्राउड’ एवढेच सांगून पुढे सरकते. परीक्षेपुरते हे अर्थ चालतील. परंतु ज्या शब्दाशी आपला जन्माचा संबंध आहे त्याला असे झटकून टाकू नये, असे मला वाटले आणि मी तो तास त्या एका शब्दावरच घालवला. अभ्यासक्रम मागे पडला, हे खरे आहे.

त्या शब्दाशी माझी स्वतःची ओळख अशी झाली. एम.ए.च्या वर्गात मोठ्याने वाचण्याची पाळी माझ्यावर आली आणि हा शब्द समोर आला. मी तो ‘सुपरकिलियस’ असा वाचला. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिला; आईच्या बाजूने पाहिले तर काहीही वाचणारा मी पहिलाच. माझे इंग्रजी हे डोळ्यांनी शिकलेले इंग्रजी होते, कानांनी शिकलेले नव्हते. शब्द कसा दिसतो हे मला ठाऊक असे. तो तोंडात कसा घ्यायचा हे सांगणारे आमच्या वस्तीत कोणी नव्हते. सरांनी माझी चूक दुरुस्त केली नाही. ते रागावले नाहीत की हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, त्यांची डावी भुवई किंचित वर गेली, आणि त्यांनी माझ्या शेजारच्या मुलाला पुढे वाचण्यास सांगितले. संध्याकाळी ग्रंथालयात मी कोश उघडला. तिथे शब्दाची फोड दिली होती : लॅटिन ‘सुपर’ म्हणजे वर, ‘सिलियम’ म्हणजे पापणी, पापणीच्या वरचे ते ‘सुपरसिलियम’, म्हणजे भुवई. म्हणजे तो शब्द मला सकाळीच शिकवण्यात आला होता, फक्त उच्चार राहून गेला होता.

रोमन लोकांच्या लॅटिनमध्येच ‘भुवई’ या शब्दाला ताठा, गंभीरपणाचा बडेजाव असा अर्थ चिकटला होता. टेकडीच्या माथ्यालाही तोच शब्द होता. सोळाव्या शतकात तो विशेषण होऊन इंग्रजीत आला आणि तेव्हापासून तिथे ठाण मांडून आहे. इंग्रजीत गर्वाचे शब्द पुष्कळ आहेत. ‘प्राउड’ माणूस स्वतःकडे पाहत असतो. तो एकटा खोलीत बसूनही प्राउड असू शकतो. सुपरसिलियस होण्यासाठी मात्र समोर दुसरा माणूस लागतो, आणि तो खालच्या पायरीवर असावा लागतो. भुवई कोणावर तरी उचलावी लागते.

या शब्दाच्या वापरात आणखी एक गोष्ट आहे, आणि कोशात ती लिहिलेली नसते. हा शब्द प्रथमपुरुषी चालत नाही. ‘मी गर्विष्ठ आहे’ असे माणूस कौतुकानेही म्हणतो. ‘मी सुपरसिलियस आहे’ असे म्हणणारा माणूस मला इंग्रजी वाङ्मयात आढळलेला नाही. स्वतःची भुवई स्वतःला दिसत नाही, हे त्याचे साधे कारण आहे. ती ज्याच्यावर उचलली गेली त्यालाच दिसते. म्हणजे वरच्या माणसाविषयीचा हा शब्द खालून पाहणाऱ्याने बनवलेला आहे. इंग्रजी भाषेचे सारे वैभव साहेबलोकांनी घडवले असे आपल्याला शिकवण्यात येते. भाषेचा एक मोठा भाग नोकर, गव्हर्नेस, देणेकरी, दारात थांबवलेले लोक यांनी आपल्या नजरेने घडवलेला आहे, हे मात्र कोणी शिकवत नाही.

मराठीत या शब्दाला प्रतिशब्द शोधू गेले की पंचाईत होते. आपल्याकडे भुवया उंचावतात त्या बहुतेक नवलाने. आपल्याकडे तुच्छतेचे ठाणे नाकात आहे. आपण नाक मुरडतो, नाक वर करून चालतो, नाकाला पदर लावतो. हा फरक केवळ वाक्प्रचारांचा आहे असे मी मानत नाही. नाकाचा संबंध वासाशी आणि वासाचा संबंध जवळच्या देहाशी. जिथे माणसाचा स्पर्श, सावली, श्वास यांचा विटाळ मानला गेला तिथे तुच्छता नाकातच राहणार. इंग्रज सरदाराची तुच्छता अंतरावरची होती. त्याचा नोकर त्याला बूट चढवी, त्याच्या मुलांना न्हाऊ घाली. त्याच्या अंगाचा त्याला विटाळ नव्हता. त्याला फक्त तो नोकर आपल्या बरोबरीचा दिसायला नको होता. म्हणून त्याचे काम भुवईने भागत असे.

तरीही एक मराठी शब्द या इंग्रजी शब्दाच्या फार जवळ जातो, आणि तो कोशकारांना सुचत नाही. तो शब्द म्हणजे ‘शिष्ट’. पुस्तकात शिष्ट म्हणजे सुसंस्कृत, सभ्य, प्रमाण मानावा असा. शिष्टांची भाषा ती प्रमाणभाषा, शिष्टांचा आचार तो शिष्टाचार. आणि बोलण्यात? ‘ती फार शिष्ट आहे हो’ असे एखादी बाई म्हणते तेव्हा तिच्या मनात कोणता अर्थ असतो हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. ज्या शब्दाने वरच्यांनी स्वतःला गौरवले तोच शब्द खालच्यांनी उलटा करून त्यांच्या अंगावर टाकला. सुसंस्कृतपणा आणि तुसडेपणा एकाच शब्दात नांदावेत, हा आपल्या समाजाचा केवढा मोठा दाखला आहे! आमच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांनी त्याची फारशी दखल घेतलेली मी पाहिलेली नाही. मी मुलांना सांगितले, ‘मग्रूर’ खोडा, ‘शिष्ट’ लिहा. त्यांना लगेच समजले. ती हसली आणि आपापसांत काही नावे घेऊ लागली. ती मी ऐकली नाहीत असे केले.

डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ सालच्या कोशात हा शब्द पाहण्यासारखा आहे. तो ‘उद्धट, गर्विष्ठ’ एवढ्यावर थांबत नाही. हुकूमत गाजवणारा, मनमानी करणारा, दडपणारा अशा अर्थाचे शब्द तो त्याच्या शेजारी बसवतो. आजच्या कोशांत हा सत्तेचा भाग गळून गेला आहे. आज हा शब्द वागण्याबोलण्याच्या तऱ्हेपुरता उरला आहे; जणू ती एखाद्याच्या स्वभावाची खोड आहे, जसे कोणी मोठ्याने शिंकतो. जॉन्सनला मात्र भुवईच्या मागे असलेला हात दिसत होता.

तो त्याला का दिसावा, हे त्याच्या चरित्रात सापडते. जॉन्सन हा लिचफिल्डच्या एका पुस्तकविक्रेत्याचा मुलगा, आणि ते दुकान बुडत चाललेले. ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना दुसऱ्या एका कॉलेजातील मित्राकडे तो व्याख्यानांची टिपणे घेण्यास जात असे. त्याचे बूट इतके फाटले होते की पाय बाहेर दिसत. त्या श्रीमंत कॉलेजातील विद्यार्थ्यांच्या ते लक्षात आले, हे त्याच्या लक्षात आले, आणि त्याने तिथे जाणे बंद केले. पुढे कोणीतरी गुपचूप नवे बूट त्याच्या दाराशी आणून ठेवले, ते त्याने संतापून फेकून दिले. बॉस्वेलने लिहिलेला हा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे, आणि आमचे प्राध्यापक तो ‘जॉन्सनचा मानी स्वभाव’ या मथळ्याखाली सांगतात. मला त्यात मधली पायरी महत्त्वाची वाटते. त्या मुलांनी त्याला काहीही म्हटल्याची नोंद नाही. त्यांनी पाहिले, एवढेच.

पैसे संपल्यामुळे पदवी न घेताच तो ऑक्सफर्ड सोडून गेला. कोशाचे काम सुरू केले तेव्हा लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या उमरावाच्या बाहेरच्या खोलीत आश्रयासाठी ताटकळून तो परतला. सात वर्षांनी कोश पुरा होत आला तेव्हा त्याच उमरावाने वर्तमानपत्रात दोन स्तुतिपर लेख लिहिले. फेब्रुवारी १७५५ मध्ये जॉन्सनने त्याला जे पत्र लिहिले ते इंग्रजी गद्यातील एक प्रसिद्ध पत्र ठरले. आणि कोशात ‘पेट्रन’ या शब्दाचा अर्थ देताना त्याने आश्रयदात्याचा उद्धटपणा नोंदवून ठेवला. कोशकार निःपक्षपाती असावा असे म्हणतात. मला तर जॉन्सनच्या कोशातील या पक्षपाताच्या जागाच सर्वांत खऱ्या वाटतात. बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाने केलेल्या व्याख्या आहेत त्या.

कादंबरीत हा शब्द कसा काम करतो, हे पाहायचे तर जेन ऑस्टिनकडे गेले पाहिजे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही तिची १८१३ सालची कादंबरी आपल्याकडे लग्नाची विनोदी गोष्ट म्हणून शिकवली जाते. तिच्यात बिंग्लेच्या दोन बहिणी आहेत. त्या एलिझाबेथच्या बहिणीशी गोडीने वागू लागतात, बहीण भाळते. पण एलिझाबेथला त्यांच्या वागण्यात सगळ्यांविषयीचा सुपरसिलियसपणाच दिसत राहतो. आजारी बहिणीसाठी एलिझाबेथ तीन मैल चिखलातून पायी येते, तेव्हा या दोघी तिच्या परकराला लागलेल्या चिखलाची मोजदाद करतात. तिचा मामा लंडनच्या व्यापारी वस्तीत, आपल्या गोदामांच्या जवळ राहतो, यावर त्या पोट धरून हसतात.

परंतु ऑस्टिनने त्याआधीच एक गोष्ट सहज सांगून ठेवलेली आहे. या बहिणींची सारी दौलत व्यापारातूनच आलेली आहे. आपण उत्तरेकडील प्रतिष्ठित घराण्यातल्या आहोत हे त्यांच्या चांगले ध्यानात असते. पैसा व्यापाराचा आहे हे तितकेसे ध्यानात नसते. व्यापाराच्या पैशावर वाढलेल्या मुली व्यापारी मामाला हसतात! ज्याचे घर पिढ्यान्पिढ्या उंचीवर आहे त्याला भुवई उचलण्याचे श्रम फारसे घ्यावे लागत नाहीत. कालच जिना चढून आलेल्याला मात्र खालची पायरी दिसली की ती उचलावीच लागते. बाबासाहेबांनी १९५५ साली भाषावार राज्यांविषयी लिहिताना जातींची उतरंड सांगितली आहे. वरच्या दिशेने द्वेष आणि खालच्या दिशेने तिरस्कार, असा तिचा हिशेब. ऑस्टिनला जात ठाऊक नव्हती. हा हिशेब मात्र तिला ठाऊक होता.

शार्लट ब्राँटीने तर या शब्दाचे शवविच्छेदनच केले आहे. ‘जेन एअर’ या १८४७ सालच्या कादंबरीत जेन ही अनाथ मुलगी, दुसऱ्याच्या घरी पगारावर शिकवणारी. जिथे तिचे बालपण छळात गेले त्या मामीच्या घरी ती पुन्हा जाते. मामेबहिणी तिच्या प्रवासाच्या साध्या पोशाखाकडे पाहतात. तरुण श्रीमंत मुलींना समोरच्याला ‘तू ध्यान आहेस’ हे शब्दाविना सांगण्याची एक हातोटी साधलेली असते, असे जेन म्हणते. नजरेतला तो सुपरसिलियसपणा, वागण्यातला थंडपणा, स्वरातली बेपर्वाई. सगळे पोचते, आणि शब्दाने वा कृतीने कोणताही उद्धटपणा केल्याचे मात्र त्यांच्या पदरी पडत नाही. हे शेवटचे निरीक्षण मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. अपमान तर झाला, आणि पुरावा उरला नाही.

आपण इथे क्षणभर इंग्लंडमधून घरी येऊ या, कारण या वाक्याला आपल्याकडे फार निराळे वजन येते. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला. १९७६ साली तो दुरुस्त होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जाऊ लागला. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. पाणवठा, देऊळ, हॉटेलातली कपबशी, जातीवाचक शिवी. या गोष्टी गुन्ह्याच्या कक्षेत आल्या. त्यासाठी किती माणसे खपली ते या वाचकांना सांगायला नको, आणि आजही हे गुन्हे थांबलेले नाहीत. परंतु कायद्याला कृती लागते किंवा शब्द लागतो, आणि तो लोकांच्या देखत उच्चारलेला असावा लागतो. शिकलेल्या, नोकरी देणाऱ्या, मुलाखती घेणाऱ्या वर्गाने हे चांगले ओळखले आहे. नाकातली तुच्छता तिथे भुवईत सरकली आहे. मुलाखतीच्या टेबलावर आडनाव वाचून झाल्यावर जी अर्ध्या क्षणाची शांतता पडते तिला कलम लावता येत नाही. ‘अरे वा, तुमचे मराठी चांगलेच शुद्ध आहे’ या वाक्यात फिर्याद करण्याजोगे काय आहे? मी त्या एम.ए.च्या वर्गातून उठून प्राचार्यांकडे गेलो असतो तर अर्जात काय लिहिले असते? ‘सरांनी भुवई वर केली’ असे?

‘गॅट्सबी’कडे परत येतो. टॉम ब्यूकॅननला हे विशेषण लावल्यानंतर काही पानांतच लेखक त्याला जेवणाच्या टेबलावर एका पुस्तकाविषयी बोलायला लावतो. काळ्या वर्णाचे लोक वर येत आहेत, आपण गोऱ्यांनी सावध राहिले नाही तर बुडून जाऊ, हे सारे शास्त्राने सिद्ध झाले आहे, असे टॉम तावातावाने सांगतो. कादंबरीत त्या ग्रंथकाराचे नाव गोडार्ड आहे. लोथ्रॉप स्टोडार्ड या अमेरिकन लेखकाचे याच आशयाचे पुस्तक १९२० साली खरोखर प्रसिद्ध झाले होते आणि गाजलेही होते. फिट्झजेराल्डने भुवई आणि वंशश्रेष्ठत्वाचे शास्त्र एकाच माणसात एकत्र आणले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. टॉमची शिष्टाई हा त्याचा स्वभाव नाही, ती त्याची विचारसरणी आहे, हे त्या जेवणावरून कळते. गाईडमध्ये या जेवणाविषयी दोन ओळी आहेत.

इथवर वाचून मी फिट्झजेराल्डला आपल्या बाजूचा समजत होतो. पण चौथ्या प्रकरणात एक पूल लागतो. कादंबरीचा निवेदक निक आणि गॅट्सबी मोटारीतून न्यूयॉर्क शहरात शिरत आहेत. शेजारून एक मोठी मोटार जाते. चालक गोरा आहे आणि मागे झोकदार कपडे घातलेले तीन काळे लोक बसले आहेत, दोन पुरुष आणि एक मुलगी. त्या पुरुषांसाठी निक जो शब्द वापरतो तो नर जनावराचा आहे. त्यांचे डोळे या दोघांकडे तोऱ्यात, बरोबरीच्या ईर्ष्येने वळतात, आणि निक मोठ्याने हसतो. बस्स, एवढेच. पुढे या पुलावरून आता काहीही घडू शकते असे त्याच्या मनात येते आणि गोष्ट पुढे जाते.

ज्या निकला टॉमच्या वागण्यात सुपरसिलियसपणा दिसला त्याच निकला काळ्या माणसाच्या डोळ्यातला तोरा हास्यास्पद दिसला. तिथे त्याने वापरलेला शब्द निराळा आहे, पण भाव तोच, मान वर करून पाहण्याचा. गोऱ्याने तसे पाहिले तर दरारा वाटतो, काळ्याने पाहिले तर करमणूक होते. मी हा परिच्छेद विद्यार्थी असताना तीन वेळा तरी वाचला असेन. मलाही त्या वेळी निकबरोबर हसू आले होते, हे लिहिताना बरे वाटत नाही. समीक्षकांनी या कादंबरीतील हिरव्या दिव्यावर ढिगांनी लिहिले आहे. आमच्या वर्गात या पुलावर एकही मिनिट खर्च झाले नव्हते.

अमेरिकेच्या दक्षिणेत तर खालच्याच्या वर गेलेल्या मानेसाठी वेगळा शब्दच तयार झाला : ‘अपिटी’. त्यातही ‘अप’ म्हणजे वरच आहे. मालकाची भुवई वर जाते ती सुपरसिलियस, आणि गुलामाच्या नातवाची मान वर होते ती अपिटी. पहिला शब्द लॅटिन, भारदस्त, पाच अवयवांचा. दुसरा गावठी आणि आखूड. पहिल्या शब्दाने फार तर एखाद्याची निंदा होते. दुसरा शब्द ज्याला चिकटला त्याच्या घरावर रात्री जमाव चालून येऊ शकत होता. आपल्याकडेही ही जोडी आहे. पाटलाच्या पोराने मिशीला पीळ भरला तर तो ‘रुबाब’. आमच्या पोराने मिशी ठेवली, चांगली मोटारसायकल घेतली, वरातीत घोड्यावर बसला, तर तो ‘माजला’. वरच्याचा ताठा ‘करारी’ असतो, ‘बाणेदार’ असतो. खालच्याला ‘मस्ती’ येते, तो ‘शेफारतो’. माज हा शब्द मूळचा जनावराचा आहे, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. निकनेही पुलावर जनावराचाच शब्द वापरला होता. म्हणून एखाद्याला शिष्ट किंवा सुपरसिलियस म्हणणारा माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे, हे पाहिल्याशिवाय त्या शब्दाचा अर्थ लावता येत नाही. अलीकडे वरच्यांनीही हा शब्द उचलला आहे. आपल्या लेखनाविषयी आपण कोणाची शिफारस मागितली नाही की ‘यांचा फारच तोरा’ असे ऐकू येते, त्यातला हा प्रकार आहे.

ड्यू बॉइस यांच्या १९०३ सालच्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या पुस्तकाच्या आरंभी एक लहानशी आठवण आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेत मुलामुलींनी भेटीची सुंदर कार्डे विकत घेऊन एकमेकांना देण्याचा खेळ काढला होता. सगळे मजेत चालले होते. नव्याने आलेल्या एका उंच मुलीने या मुलाचे कार्ड घेतले नाही. एका नजरेनेच नाकारले. आपण निराळे आहोत हे त्या मुलाला त्या दिवशी कळले. पुढे ते म्हणतात की काळा माणूस सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःला पाहत राहतो, आणि ते डोळे गमतीने, तुच्छतेने आणि कीव करत त्याला मोजत असतात. १९४६ साली बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइसना पत्र पाठवून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. दोन्हीकडची दुखणी एकमेकांस ओळखत होती.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्याची मांडणी आठवा. पांढरपेशा दया पवार आणि दगडू मारुती पवार यांची गाठ पडते आणि दगडू बोलू लागतो. आमच्या समीक्षेने याला निवेदनाचे तंत्र म्हटले. मला ते तंत्र वाटत नाही. दगडूकडे पाहणारे डोळे आता बाहेरच्यांचे राहिलेले नाहीत, ते दयाच्या चेहऱ्यावर येऊन बसले आहेत. दगडू भेटला की अवघडणारा माणूस आता दया आहे. आपल्या स्वकथनांची ही सर्वांत अवघड जागा होती आणि पवारांनी ती टाळली नाही. नंतरच्या आपल्या कथा-कादंबऱ्यांतून मात्र मला एक तक्रार आहे, आणि ती मी घरातला म्हणून करतो. आपला सवर्ण खलनायक अजूनही बहुधा काठी घेऊन येतो, शिवी देत येतो. तो खरा आहेच. रोजचे वर्तमानपत्र त्याची साक्ष देते. पण जो चहा पाजतो, फुले-आंबेडकरांची नावे घेतो, आपल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अध्यक्ष म्हणून येतो आणि भाषणात ‘अनुभव जिवंत आहेत, कलात्मकतेचे पाहू’ असे म्हणून डावी भुवई उचलतो, तो आपल्या साहित्यात पुरेसा उतरलेला नाही. त्याला पकडायला ब्राँटीसारखी बारीक नजर लागते. आपल्याजवळ ती नाही असे कोण म्हणेल? आपल्या आया बिनशाळेच्या. पण मालकिणीने ताटात वाढलेली भाकरी कोणत्या नजरेने वाढली हे त्या उंबऱ्याबाहेरून सांगत असत. माझी आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाई. संध्याकाळी घरी आल्यावर ती त्या बाईची नक्कल करून दाखवायची, तेव्हा ती फक्त चेहऱ्याने करायची. एक शब्द बोलत नसे, आणि आम्ही गडबडा लोळून हसत असू. तो चेहरा आपल्या गद्यात अजून यायचा आहे.

आता त्या तासाचे शेवटचे सांगतो. शब्दाची फोड फळ्यावर लिहून झाल्यावर मी मागच्या बाकावरच्या एका मुलाला ते वाक्य मोठ्याने वाचायला सांगितले. हा मुलगा गावाबाहेरच्या पारधी वस्तीवरून येतो. त्या वस्तीतून महाविद्यालयात आलेला तो पहिलाच. आमच्या बौद्धवाड्यातली माणसेही त्या वस्तीकडे कसे पाहतात हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि त्यात माझ्या घरची माणसेही आली. त्याने वाचायला सुरुवात केली आणि त्या शब्दाशी अडखळून ‘सुपरसिलिंडर’ असे काहीतरी म्हणाला. वर्ग हसला. मी हसलो नाही, एवढे मला पक्के आठवते. मी त्याच्याकडे पाहिले, आणि ‘बस’ म्हणालो, आणि पुढच्या मुलीला वाचायला सांगितले.

घरी येईपर्यंत माझ्या ते ध्यानातही आले नव्हते. त्या क्षणी माझा चेहरा कसा होता हे मला सांगता येत नाही, आणि ज्याला सांगता येईल त्याला अजून मी विचारू शकलेलो नाही. पुढचा तास मंगळवारी आहे. ते पान त्यालाच पुन्हा वाचायला द्यायचे ठरवले आहे. उच्चार आधी मी एकदा करून दाखवीन.